हे नाव आधी कुणाचं?

गाणी बसवायला सहा महिने लागतात, नाव मात्र एका चहावर ठरतं. तालमीच्या खोलीत कुणीतरी एक शब्द टाकतो, बाकीच्यांच्या माना डोलतात, रात्री व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलतं आणि आठवड्याभरात लोगो, इन्स्टाग्रामचं पान, काळे टी-शर्ट असं सगळं तयार होतं. या घाईत एक प्रश्न राहून जातो: हे नाव आधी कुणी घेतलंय का? पहिल्या कार्यक्रमाआधी हा प्रश्न विचारला, तर उत्तर जवळपास फुकटात मिळतं. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या वकिलाने तो विचारला, तर छापलेले टी-शर्ट, ॲपवर चढवलेली गाणी आणि जमवलेले श्रोते हे सगळं पणाला लागतं.

बँड म्हटलं की डोळ्यांसमोर गिटार येते. पण गणपतीत वाजवणारं ढोल-ताशा पथक, कोकणातली बेंजो पार्टी, लग्नातला ब्रास बँड, ऑर्केस्ट्रा, अभंग नव्या साजात गाणारा फ्यूजन ग्रुप या सगळ्यांना हा प्रश्न सारखाच लागू आहे. ज्याला नावावर सुपारी मिळते, त्याने नाव तपासून घ्यायलाच हवं. त्यासाठी दोन-तीन संध्याकाळी, एक मोबाइल आणि एक वही पुरते.

नामवंतांचीही फसगत झाली

कॅलिफोर्नियातल्या एका बँडचं नाव सुरुवातीला नुसतं 'ब्लिंक' होतं. आयर्लंडमध्ये त्याच नावाचा बँड आधीपासून होता. त्यांनी हरकत घेतली आणि १९९५ साली नावाला शेपूट लागून 'ब्लिंक-१८२' झालं. इंग्लंडच्या 'व्हर्व्ह' बँडवर तर एका रेकॉर्ड कंपनीने आक्षेप घेतला. जॅझसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या कंपनीचं नाव 'व्हर्व्ह रेकॉर्ड्स'. मग बँड 'द व्हर्व्ह' झाला. म्हणजे पाहायचं ते फक्त बँडच नाहीत, संगीत कंपन्याही.

अमेरिकेतलं २०२० सालचं प्रकरण यापेक्षा जास्त शिकवणारं आहे. 'लेडी अँटेबेलम' या गाजलेल्या कंट्री संगीताच्या त्रिकुटाने जूनमध्ये नाव बदललं, कारण 'अँटेबेलम' हा शब्द गुलामगिरीच्या काळाशी जोडला जातो. चाहते त्यांना पूर्वीपासून 'लेडी ए' म्हणत, तेच त्यांनी अधिकृत केलं. त्या नावाची ट्रेडमार्क नोंदणीही त्यांच्याकडे होती. पण सिएटलमधल्या अनिता व्हाइट या ब्लूज गायिका सुमारे वीस वर्षं 'लेडी ए' याच नावाने गात आल्या होत्या. त्यांच्या नावावर अल्बम होते, नोंदणी नव्हती. दोन्ही बाजू न्यायालयात गेल्या आणि २०२२ मध्ये तडजोड झाली.

त्या त्रिकुटाने सरकारी रजिस्टर उघडलं असतं, तर त्यांना स्वतःचंच नाव दिसलं असतं. गाण्यांच्या ॲपवर तेच नाव टाकलं असतं, तर अनिता व्हाइट भेटल्या असत्या. नाव कागदावर कुणाचं आहे हे पाहायचंच, पण त्याआधी ते लोकांच्या तोंडी कुणाचं आहे हे पाहायचं. भारतातला कायदाही याच क्रमाकडे झुकतो.

कायदा काय बघतो

आधी एक गैरसमज दूर करू. 'नावाचा कॉपीराइट काढलाय' असं सर्रास ऐकू येतं. एखाद-दोन शब्दांच्या नावाला कॉपीराइट मिळत नाही. 'देसी बॉइज' या शीर्षकावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शीर्षक ही काही स्वतंत्र साहित्यकृती नव्हे, त्यामुळे त्यावर कॉपीराइटचा दावा चालणार नाही, असं न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. गाण्याचे शब्द, चाल, ध्वनिमुद्रण आणि लोगोचं चित्र यांना कॉपीराइट असतो. नावाला संरक्षण मिळतं ते ट्रेडमार्कचं, म्हणजे व्यापारचिन्हाचं.

त्यासाठीचा कायदा आहे ट्रेडमार्क अधिनियम, १९९९. त्यात नाव दोन मार्गांनी जपलं जातं. एक, नोंदणी. दुसरा मार्ग 'पासिंग ऑफ'चा. नोंदणी नसली, तरी ज्याने वापरातून नावाला पत मिळवून दिली आहे, तो दुसऱ्याला ते नाव वापरून लोकांची दिशाभूल करण्यापासून रोखू शकतो. याच कायद्याचं कलम ३४ आणखी पुढे जातं. समजा, तुम्ही नाव नोंदवलंत. पण तुमच्या वापराची आणि नोंदणीची तारीख यांपैकी जी आधीची असेल, तिच्याही आधीपासून दुसरं कुणी ते नाव सातत्याने वापरत असेल, तर तुमची नोंदणी त्याला थांबवू शकत नाही. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' या नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हेच तत्त्व उचलून धरलं: आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ.

त्यामुळे 'रजिस्टरमध्ये नाव दिसलं नाही, म्हणजे मोकळं आहे' हा निष्कर्ष घाईचा ठरतो. शोध बाजारात सुरू करायचा आणि रजिस्टरमध्ये संपवायचा.

पहिली संध्याकाळ: नावाची सगळी रूपं

उदाहरणापुरतं 'सांजवारा' हे नाव घेऊ. देवनागरीत ते एकच दिसतं. रोमन लिपीत लिहायला गेलात की गर्दी होते. 'सां'मधल्या आकारासाठी एक 'ए' की दोन? 'ज'साठी जे की झेड? 'व'साठी व्ही की डब्ल्यू? 'वा'मध्ये पुन्हा एक 'ए' की दोन? या चारच जागा धरल्या तरी सोळा स्पेलिंगं होतात. शब्द जोडून लिहायचा की तोडून हे धरलं, तर बत्तीस. पुण्याच्या 'अग्नी' बँडने स्पेलिंगच्या शेवटी नेहमीचा 'आय' न घेता दोन 'ई' घेतले आहेत. सरळ स्पेलिंग टाकून शोधणाऱ्याच्या हातून असं नाव निसटू शकतं.

म्हणून वहीत आधी ही रूपं लिहा. देवनागरीतलं नाव, रोमनमधली शक्य ती सगळी स्पेलिंगं, जोडून आणि तोडून. त्याखाली उच्चाराने जवळ जाणारी नावं लिहा, सांजवारा म्हटलं की सांजवात, सांजवेळ, सांजधारा. शेवटी अर्थाने तेच असलेली हिंदी आणि इंग्रजी नावं. पुढची सगळी शोधाशोध या यादीवर होईल.

दुसरी संध्याकाळ: जिथे संगीत ऐकलं जातं तिथे

सुरुवात साध्या गूगल शोधाने करा, पण नाव अवतरणचिन्हांत टाका आणि पुढे एकेक शब्द जोडत जा: बँड, लाइव्ह, पथक, ऑर्केस्ट्रा, पुणे, नागपूर, गोवा. मग यूट्यूब, स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, बँडकॅम्प आणि साउंडक्लाउड. जुन्या रेकॉर्डसाठी डिस्कॉग्ज आणि म्युझिकब्रेन्झ ही दोन माहितीकोशासारखी संकेतस्थळं उपयोगी पडतात. शेवटी इन्स्टाग्राम, फेसबुक आणि तिकीट विकणारी ॲप.

गाण्यांच्या ॲपवर सारखं नाव सापडलं, तर ती कायद्याच्या आधीची अडचण समजा. एकाच नावाच्या दोन कलाकारांची गाणी तिथे एकाच पानावर जाऊन पडतात. तुमच्या अभंगाखाली कुठल्याशा परदेशी डीजेचा ट्रॅक वाजतो आणि तो वेगळा करून घेण्यासाठी वितरकाला ईमेल पाठवत बसावं लागतं.

इंटरनेटवर नसलेले कलाकार आपल्याकडे भरपूर आहेत. तालुक्याच्या गावात तीस वर्षं वाजवणाऱ्या ब्रास बँडचं पान कुठेही नसेल, पण त्याचं नाव पाच जिल्ह्यांत ठाऊक असेल. त्यासाठी साउंडवाल्यांना फोन करा. स्टेज, मांडव, लाइट यांची कामं करणाऱ्यांना परिसरातले सगळे ग्रुप माहीत असतात. गणेश मंडळाचे कार्यकर्ते, लग्न-कार्यालयाचे व्यवस्थापक आणि यात्रेच्या सुपाऱ्या ठरवणारे लोकही सांगतील. असे चार फोन केले, की कुठल्याही यादीत नसलेलं नाव कळून जातं.

काही सापडलं, तर नुसतं 'आहे' असं लिहून सोडू नका. चार गोष्टी टिपा: कुठे आहे, कधीपासून आहे, शेवटचा कार्यक्रम किंवा शेवटचं गाणं केव्हाचं, आणि कुठल्या प्रकारचं काम करतात. पानांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. पुढे कुणी विचारलंच, तर तुम्ही प्रामाणिकपणे शोध घेतला होता हे त्यातून दिसतं.

तिसरी संध्याकाळ: सरकारी रजिस्टर

ट्रेडमार्कचं रजिस्टर आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतं. तिथे 'पब्लिक सर्च'मध्ये गेलात की पहिला प्रश्न येतो वर्गाचा. जगातला सगळा माल आणि सेवा एकूण ४५ वर्गांत विभागलेल्या आहेत. बँडसाठी सर्वांत महत्त्वाचा वर्ग ४१. त्यात मनोरंजन आणि प्रत्यक्ष कार्यक्रम येतात. वर्ग ९ मध्ये ध्वनिमुद्रणं आणि डाउनलोड करण्याजोगं संगीत येतं, वर्ग २५ मध्ये टी-शर्ट आणि टोप्या. पोस्टर वगैरे छापील वस्तू विकणार असाल तर वर्ग १६. वर्ग १५ वाद्यांचा आहे. तुम्ही वाद्यं विकत नसाल, तर तो तुमचा वर्ग नव्हे. तरी एकदा पाहून घ्या, कारण वाद्यांच्या एखाद्या नामांकित कंपनीचं नाव बँडला ठेवणं अंगाशी येऊ शकतं.

शोधाच्या दोन पद्धती मुख्य आहेत. 'वर्डमार्क'मध्ये शब्द जसा लिहिला तसा शोधला जातो. तिथे 'स्टार्ट विथ' ऐवजी 'कंटेन्स' निवडा, म्हणजे तुमचा शब्द पोटात असलेली मोठी नावंही दिसतील. नुसत्या 'सांज'वर शोध घेतलात, तर सगळी भावंडं एका यादीत येतील. दुसरी पद्धत 'फोनेटिक', म्हणजे उच्चारावरून. बत्तीस स्पेलिंगांचं ओझं ती बरंच हलकं करते, पण मराठी उच्चारांच्या बाबतीत तिच्यावर डोळे झाकून विसंबू नका. लोगोतल्या चित्रासाठी तिसरी पद्धत आहे 'व्हिएन्ना कोड'ची. त्यात चित्रांना क्रमांक दिलेले असतात. अगदी अलीकडे दाखल झालेला अर्ज यादीत लगेच दिसेलच असं नाही, त्यामुळे अर्ज करण्याच्या आदल्या दिवशी हाच शोध पुन्हा घ्या.

यादीत नाव दिसलं, की त्याच्या पुढची स्थिती वाचा. नवखे इथेच गोंधळतात.

'रजिस्टर्ड' असेल, तर नोंदणी चालू आहे. ती दहा वर्षांची असते आणि पुढे दर दहा वर्षांनी वाढवता येते.

'ऑब्जेक्टेड' म्हणजे नाव बाद झालं असं नव्हे. तपासणी अधिकाऱ्याने शंका काढली आहे आणि अर्जदार तिला उत्तर देऊ शकतो. असा अर्ज जिवंत समजा.

'ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड' म्हणजे नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं आहे. त्या तारखेपासून चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. तुम्हीच ते नाव आधीपासून वापरत असाल, तर विरोधाची हीच वेळ. विरोध दाखल झाला, की स्थिती 'ऑपोज्ड' होते.

'रिफ्यूज्ड', 'अबँडन्ड', 'विथड्रॉन' किंवा 'रिमूव्हड' दिसलं, तर त्या अर्जाचा किंवा नोंदणीचा अडथळा सहसा राहिलेला नसतो. पण अर्ज सोडून दिला म्हणजे वाजवणं सोडलं असं होत नाही. तो ग्रुप अजून कार्यक्रम करत असेल, तर वापराचा हक्क त्याच्याकडेच आहे. पुन्हा दुसऱ्या संध्याकाळच्या वहीकडे वळा.

प्रत्येक नोंदीत वापराची तारीखही दिलेली असते. ती 'अमुक तारखेपासून' अशी असते, किंवा 'पुढे वापरण्याचा इरादा' एवढंच लिहिलेलं असतं. तुमच्या वापराच्या तारखेशी ती ताडून पाहा.

चौथी पायरी: कंपनी, संस्था, संकेतस्थळ

कंपन्यांची आणि एलएलपींची नावं कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतात. अनेक पथकं आणि सांस्कृतिक मंडळं संस्था किंवा न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, तीही ध्यानात घ्या. संकेतस्थळाचं नाव, म्हणजे डोमेन, मिळतंय का तेही पाहा. 'सत्यम इन्फोवे'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं, की डोमेनच्या नावालाही पासिंग ऑफचे नियम लागू होतात. दुसऱ्याचं गाजलेलं नाव डोमेन म्हणून आधी पटकावलं, तरी ते आपलं होत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. कंपनीचं नाव मंजूर झालं, डोमेन विकत घेतलं, इन्स्टाग्रामवर हवं ते हँडल मिळालं, यांपैकी कशानेही ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही.

किती सारखं म्हणजे सारखं?

'आम्ही पुढे "लाइव्ह" लावलंय', 'आमचं "द" आहे', 'आम्ही पुण्याचे, ते नाशिकचे' या सबबी टिकायला अवघड असतात. अशा वेळी दोन नावं शेजारी ठेवून अक्षरं मोजली जात नाहीत. सामान्य माणसाला नाव अर्धवट आठवतं, त्या आठवणीत गफलत होईल का, असा प्रश्न विचारला जातो.

आपल्या घरोघरी माहीत असलेल्या 'अमृतधारा' या औषधाचा खटला इथे समजून घेण्यासारखा आहे. त्याच्यासमोर 'लक्ष्मणधारा' हे नाव नोंदणीसाठी आलं. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संपूर्ण नाव आणि त्याचा उच्चार पाहता सर्वसाधारण गिऱ्हाइकाचा गोंधळ होऊ शकतो. दोन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत हे पुरेसं ठरलं नाही. मात्र 'लक्ष्मणधारा'चा वापर प्रामाणिक आणि बऱ्याच वर्षांचा होता. म्हणून उत्तर प्रदेशापुरती त्याची नोंदणी मान्य झाली. आज कलम १२ मध्ये ही सोय आहे, पण ती प्रामाणिकपणे दीर्घकाळ वापरणाऱ्यासाठी. नाव आधी असल्याचं दिसूनही ते उचलणाऱ्याला ती उपयोगी पडणार नाही.

मग 'ब्लिंक' आणि 'व्हर्व्ह' यांचं शेपटावर कसं भागलं? समोरच्याची हरकत मिटली म्हणून. वाद नको म्हणून समोरचा थांबतो तेव्हा शेपूट चालतं. आधीपासून शेपूट लावून निर्धास्त राहता येत नाही.

परदेशातल्या एखाद्या अनोळखी बँडचं नाव तुमच्यासारखं निघालं, तर लगेच घाबरू नका. 'प्रियस' या मोटारीच्या नावावरून टोयोटाने दिल्लीच्या एका कंपनीविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं, की जगभरची कीर्ती पुरत नाही. भारतीय कंपनीने नाव वापरायला घेतलं तेव्हा भारतात त्या नावाला ओळख होती हे दाखवावं लागतं. पण गाणी ॲपवरून सीमा ओलांडून पोहोचतात. भारतात श्रोते असलेल्या बँडचं नाव घेणं धोक्याचंच.

जे शब्द कुणा एकाचे होत नाहीत

पथकांची नावं आठवून पाहा. शिव, रुद्र, नाद, ताल, गर्जना, मुद्रा. याच शब्दांच्या जोड्या गावोगावी सापडतात. नाव जितकं सर्वसामान्य, तितकं ते जपणं कठीण. नुसत्या वर्णनाचं नाव, जसं 'मराठी रॉक बँड' किंवा 'पुणे ढोल-ताशा', वेगळेपण नसल्यामुळे कलम ९ मध्ये अडकतं. देवादिकांच्या आणि धर्मग्रंथांच्या नावांवर एकट्याची मक्तेदारी मागणंही अवघड आहे. उदबत्तीच्या 'रामायण' या नावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अशी मक्तेदारी नाकारली होती.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक कायदा आवर्जून लक्षात ठेवावा: १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ती व्यापारी कामासाठी वा ट्रेडमार्क म्हणून वापरता येत नाहीत. मानधन घेऊन वाजवणाऱ्या पथकाला महाराजांचं थेट नाव देण्याआधी याचा विचार करा.

जुन्या तमाशाच्या फडांनी हा प्रश्न त्यांच्या पद्धतीने सोडवला होता. 'काळू-बाळू लोकनाट्य तमाशा मंडळ, कवलापूर' अशी पाटी पाहा. कलावंताचं नाव आणि गावाचं नाव एकत्र आलं, की दुसऱ्या फडाशी गल्लत होण्याचा प्रश्न उरत नाही. स्वतःचं खरं नाव प्रामाणिकपणे वापरण्याला आजच्या कायद्यातही कलम ३५ चा आधार आहे. नव्या बँडनेही कोशात न मिळणारा, गावच्या बोलीतला किंवा दोन अनपेक्षित शब्द जोडून केलेला शब्द शोधावा. तो लक्षात राहतो आणि जपायलाही सोपा जातो.

वही मिटताना निर्णय

सापडलेल्या नोंदी समोर ठेवा. वर्ग ४१ किंवा ९ मध्ये तेच किंवा तसंच ऐकू येणारं नाव नोंदलेलं असेल, तर ते सोडा. नोंदणी नाही, पण त्या नावाचा ग्रुप कार्यक्रम करतो आहे, तरीही सोडा. नाव अगदी वेगळ्या धंद्यात असेल, समजा पाण्याच्या पंपांचं, तर सहसा अडचण नसते. मात्र टाटा किंवा अमूल यांच्यासारख्या सुप्रसिद्ध चिन्हांना सगळ्या वर्गांत संरक्षण मिळतं, हा अपवाद आहे. आणि बँड दहा वर्षांपूर्वी बंद पडलेला असेल, तर त्यांना शोधून सरळ विचारा. राजी झाले तर लेखी संमती घ्या. तोंडी 'वापरा की' पुढे कुणाला आठवत नाही. नोंदणी करूनही सलग पाच वर्षांहून अधिक काळ न वापरलेलं नाव रजिस्टरमधून काढण्यासाठी कलम ४७ खाली अर्ज करता येतो, पण तो लांबचा रस्ता आहे. नवीन बँडला नवीन नाव स्वस्त पडतं.

निर्णय तळ्यात-मळ्यात वाटला, नाव जवळपास सारखं आहे पण नेमकं किती ते कळत नाही, किंवा कंपनीशी करार होणार आहे, अशा वेळी ट्रेडमार्कच्या वकिलाचा सल्ला घ्या. वही सोबत न्या, निम्मं काम झालेलं असेल.

नाव मोकळं निघालं, आता?

अर्ज 'टीएम-ए' या नमुन्यात ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,०००. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईत अँटॉप हिलचं कार्यालय आहे. पैसे एकाच वर्गापुरते असतील, तर वर्ग ४१ पासून सुरुवात करा. तपासणी अहवाल आला, तर ३० दिवसांत उत्तर द्या. ते चुकवल्यामुळे अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जाऊ शकतो. नावापुढे 'टीएम' आजपासून लावता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी तो लावणं कायद्याने दंडनीय आहे.

अर्जापूर्वी आपसात एक पानभर करार लिहा: नाव कुणाचं? ड्रमर सोडून गेला तर? निम्मे एकीकडे, निम्मे दुसरीकडे झाले तर? इंग्लंडच्या 'सॅक्सन' या हेवी मेटल बँडमध्ये बाहेर पडलेल्या सदस्यांनीच नाव स्वतःसाठी नोंदवलं होतं. २००३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं, की नाव भागीदारीचं असतं, एकेकट्या सदस्याचं नव्हे. करार नसल्यामुळे हे ठरवायला न्यायालय लागलं. अर्ज मॅनेजरच्या किंवा हौसेने पैसे भरणाऱ्या मित्राच्या नावावर टाकू नका. नोंदणी ज्याच्या नावावर, नाव त्याच्या हातात.

अमेरिका, इंग्लंड, आखाती देश इथल्या मराठी मंडळांत वाजवणाऱ्या ग्रुपांनी तिथलंही रजिस्टर पाहावं. भारतातली नोंदणी भारतापुरतीच असते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या 'ग्लोबल ब्रँड डेटाबेस'मध्ये अनेक देशांची नावं एकदम शोधता येतात. भारत २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये आहे. त्यामुळे इथला अर्ज आधार धरून इतर सदस्य देशांसाठी एकत्रित अर्जही करता येतो.

या सगळ्याइतकीच मोलाची आणि बिनखर्चाची एक गोष्ट शेवटी सांगतो. पहिल्या कार्यक्रमाचं पोस्टर, मानधनाची पावती, निमंत्रणाची पत्रिका, वर्तमानपत्रातलं कात्रण, पहिलं गाणं अपलोड झाल्याचा ईमेल, हे सगळं तारखेसह एका फाइलमध्ये ठेवा. उद्या तुमच्या नावावर कुणी हक्क सांगितला, तर 'आम्ही आधीपासून आहोत' हे तुमच्या वतीने ती फाइल सांगेल. ती आजच उघडा, आणि पहिलं पान शोधाच्या त्या वहीचं लावा.